दिवाणखान्यातल्या खुंट्या

धुळ्याच्या बंगल्याला बेचाळीस खिडक्या आहेत. जळगावच्या बंगल्याला एकतीस. बोदवडला स्टेशनजवळ एक लहान घर होतं, त्याच्या खिडक्या किती ते आता आठवत नाही. ते विकलं गेल्यालाही खूप वर्षं झाली. या सगळ्या खिडक्या मी चाळीस वर्षं उघडत आणि लावत आलो. आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं तर याहून खरं उत्तर माझ्याजवळ नाही.

ही घरं ज्यांची, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण मालकीणबाईंना दुसरं काय म्हणणार? त्या मला भाऊ म्हणत, बाकी सगळे नाना. गेल्या थंडीत त्या जळगावला वारल्या. पंधरा दिवसांनी धुळ्यात शोकसभा झाली. एका वक्त्यानं त्यांच्या थाटाचं, गाड्यांचं, बागेचं वर्णन केलं आणि शेवटी म्हणाला, की अक्कांना सगळं सुटलं, पण घरांचा मोह सुटला नाही. शिकणाऱ्या मुलींसाठी रिकामा बंगला मागितला होता, तोही त्यांच्या हातून सुटला नाही. असो, स्वभाव असतो एकेकाचा. लोकांनी माना हलवल्या. मग जुनं माणूस म्हणून मलाही बोलायला उभं केलं. मी त्यांच्या साधेपणाबद्दल दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. शेजारच्याला मी दमलो असं वाटलं असावं, त्यानं मला पाणी दिलं.

बंगला अक्कांनी नाकारला नव्हता. तो नाकारला मी. ते कसं झालं तेवढं लिहून ठेवायचं आहे, म्हणजे जे बोल त्यांना लागतात ते माझ्याकडे येतील.

अक्कांच्या वडिलांची जिनिंग-प्रेसिंगची फॅक्टरी होती, तेलाची गिरणी होती. हंगामात बोदवडच्या आवारात कापसाच्या गाड्या ओळीनं उभ्या राहत आणि मालक स्वतः तिथल्या घरात येऊन राहत. जळगावचा बंगला त्यांनी बांधलेला. धुळ्याचा बंगला अक्कांना आईच्या बाजूनं आला. आईच्या वडिलांना मुलगा नव्हता, आणि अक्कांच्या वडिलांनाही नव्हता. त्यामुळे तिशी उलटायच्या आत तीन घरांच्या किल्ल्या एकट्या अक्कांच्या झाल्या. किल्ल्यांचा जुडगा मात्र माझ्या, कारभाऱ्याच्या, कमरेला असे.

त्यांचं तरुणपण मी पाहिलं आहे. बाकीच्या घरच्या बायका गाडीत मागे बसून पदर सावरत, तेव्हा अक्का स्वतः गाडी चालवत जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला यायच्या. कलेक्टरांच्या बायका, मुंबईचे कापूस-दलाल, इंदूरचे पाहुणे, कुणी ना कुणी मुक्कामाला असेच. छत्तीस माणसांचं चिनी मातीचं ताटवाट्यांचं कपाट होतं, ते फक्त अशा वेळी उघडायचं. साड्या मुंबईहून येत. धुळ्याच्या बंगल्यामागे आजोबांनी पोहण्याचा तलाव बांधला होता, निळ्या फरश्यांचा. पण गावात आठ-आठ दिवस नळ येत नसताना आपण तलाव भरायचा नाही असं अक्कांनी ठरवलं, आणि तो पुन्हा कधी भरला नाही. उन्हाळ्यात आजूबाजूच्या बायका तलावात उतरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायच्या, कारण तिथे वारा लागत नाही. मुंबईचे पाहुणे गॅलरीतून बघत उभे राहायचे. अक्का त्यांना म्हणायच्या, "आमच्याकडे असंच पोहतात."

त्यांचं लग्न इंदूरला झालं होतं, तोलामोलाचं. चौथ्या वर्षी त्या परत आल्या, एका ट्रंकेसह, आणि का आल्या हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. वडिलांनी विचारलं नाही. गावानं मात्र विचारलं, आपापसात. जेवणाची आमंत्रणं सुरूच राहिली, कारण जेवायला लोक येतात. हळदीकुंकवाची हळूहळू थांबली. घरात गालिचे आहेत, झुंबर आहे, बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत आणि संक्रांतीला दारात कुणी नाही, असं मी बरीच वर्षं पाहिलं. त्या दिवशी त्या मुद्दाम शेतावर जायच्या.

माझं काम घर उघडण्याचं आणि मिटण्याचं. वर्षाचा क्रम ठरलेला असे. दिवाळी जळगावला, कापसाच्या दिवसांत थोडं बोदवड, होळीपासून पाऊस पडेपर्यंत धुळं. त्या ज्या घरी जाणार तिथे मी दोन दिवस आधी पोहोचायचो. खोळी काढायच्या, गंजाचं पाणी जाईपर्यंत नळ सोडून ठेवायचे, घड्याळांना किल्ली द्यायची, गाद्या उन्हात टाकायच्या. अक्का रिकाम्या हातानं प्रवास करत. प्रत्येक घरात त्यांचा वेगळा चष्मा, वेगळी चप्पल, वेगळा कंगवा. त्या गेल्या की सगळं परत मिटायचं. सुरुवातीला मला याचा अभिमान होता. पुढे पुढे कंटाळा यायला लागला. एकदा त्याही म्हणाल्या होत्या, की भाऊ, मी राहते तेव्हा घराला जेवढं बरं वाटतं त्याहून जास्त ते बंद असताना वाटत असेल. हसत म्हणाल्या, पण दमलेल्या होत्या. तीन घरांत मिळून त्या एकट्याच राहत होत्या.

त्या घराण्याची एक रीत होती आणि ती सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कुणी काही मागायला आलं, देवळाला वर्गणी म्हणा, लग्नासाठी आवार म्हणा, तर लगेच उत्तर मिळायचं नाही. होकार असेल तर मालक गाडी पाठवत. ड्रायव्हर त्या माणसाला घेऊन यायचा, त्याला जेवू घातलं जायचं आणि मालक स्वतः पोर्चमध्ये उभं राहून त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत आणि हो म्हणत. नकार असेल तर कारभारी पायी किंवा एसटीनं त्या माणसाच्या घरी जायचा आणि दोन गोड शब्द बोलून यायचा. मालकाच्या तोंडून नाही कधी निघत नसे. आणि कारभारी येऊन गेल्यावर पुन्हा विचारायला जाणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं. वडिलांनंतर अक्कांनी ही रीत तशीच ठेवली. म्हणजे माझ्या चाळीस वर्षांत मी कितीतरी दारांत नकार घेऊन उभा राहिलो आहे. मला पाहिलं की लोकांचे चेहरे आधीच पडायचे.

वीसेक वर्षांपूर्वी शिंदखेड्याहून एक बाई आल्या. शाळेत शिक्षिका होत्या, पंचेचाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला स्पष्ट. त्यांच्याकडच्या दहावी-बारावी झालेल्या मुली पुढे शिकायला धुळ्याला येत, राहायला जागा नसे, आणि वर्षभरात आईबाप त्यांना परत घेऊन जात. बाई अक्कांना म्हणाल्या, की तुमचा बंगला वर्षातले आठ महिने बंद असतो. मला अठरा मुलींपुरती जागा द्या. स्वयंपाकाचं आम्ही बघतो, दार आम्ही राखतो.

मी दाराशी उभा होतो. इतकं थेट त्या घरात कुणी मागत नसे. अक्कांनी त्यांना चहा दिला, मुलींबद्दल खूप विचारलं. कोणत्या गावच्या, बसनं किती वेळ लागतो, आजारी पडल्या तर कोण बघतं. रीतीप्रमाणे उत्तर काही दिलं नाही. पण बाई फाटकाबाहेर गेल्या तेव्हाच मला कळलं होतं की अक्का हो म्हणणार.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. हे मुसलमान सुतार, त्यांच्या वडिलांनी त्या बंगल्याचे दरवाजे केले होते. अक्कांनी त्यांना दिवाणखान्यात उभं केलं. आरशांच्या मधल्या भिंती दाखवल्या आणि म्हणाल्या, इथे खुंट्या बसवा, चोवीस. मिस्त्री माझ्याकडे पाहायला लागले. बर्मी सागाची लाकडी पट्टी होती त्या भिंतींना, पॉलिश केलेली. अक्का म्हणाल्या, की पुण्याला त्या वसतिगृहात होत्या तेव्हा कपडे अडकवायला काही नव्हतं, दोन वर्षं त्यांचे ओले परकर खिडकीच्या गजाला वाळले. मुलींना आधी खुंटी लागते, पलंग नंतर. त्या स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि हात वर करून उंची दाखवली. मग जरा विचार करून हात खाली घेतला, म्हणाल्या, "खेड्यातल्या पोरी, अजून वाढायच्या असतील. इथे."

मिस्त्रींनी दोन दिवसांत काम पुरं केलं. पितळी खुंट्या, एका रांगेत, झुंबराखाली. विचित्रच दिसायचं ते.

आता माझं सांगतो. मी त्या बंगल्याच्या आऊटहाऊसमध्ये राहत होतो, बायको आणि मुलीसह. मुलीला पाहायला जळगावकडचे लोक येऊन गेले होते. ते मोठ्या फाटकातून आत आले, बाग ओलांडून आले, त्यांना दिवाणखान्यातच बसवलं होतं. अक्कांनी परवानगी दिली होती. त्या लोकांनी पसंती कळवली होती, पण लग्नाची बोलणी पक्की व्हायची होती. मला वाटत होतं, की हे सगळं आता वसतिगृह होणार. दोरीवर चोवीस जणींचे कपडे, फाटकाशी मुलींचे बाप, आणि आऊटहाऊस बाई स्वयंपाकिणीसाठी मागणार. मग आम्ही कुठे जायचं? पाहुणे पुन्हा आले तर त्यांना कुठे बसवायचं? अक्कांना विचारलं असतं तर त्यांनी आमची सोय केलीच असती. जळगावच्या आवारात दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं की मला ते घर आपलं वाटायला लागलं होतं. चाळीस वर्षांतलं ते कितवं वर्ष होतं कोण जाणे, पण तोपर्यंत मी लोकांशी बोलताना "आमचा बंगला" म्हणत असे.

मंगळवारी अक्का म्हणाल्या, "त्यांना गुरुवारी बोलवा. जेवायलाच. गूळ आणून ठेवा."

रीतीप्रमाणे गाडी जायला हवी होती. पण ड्रायव्हर तापानं पडला होता, आणि अक्का म्हणाल्या, भाऊ, तुम्हीच जाऊन सांगून या, गुरुवारी आपण गाडी पाठवू. मी एसटीनं शिंदखेड्याला गेलो. ऊन फार होतं. बाईंचं घर स्टँडपासून लांब, मी रुमाल डोक्यावर घेऊन चालत गेलो.

दारात मला पाहिलं आणि बाई थांबल्या. त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, तो त्यांनी ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, "नाना, तुम्ही पायी आलात. म्हणजे नाहीच ना?"

मी पाण्याचा तांब्या मागितला. त्या आत गेल्या, पाणी घेऊन आल्या, तेवढा वेळ माझ्याजवळ होता. तेवढ्या वेळात मी "नाही नाही, गुरुवारी जेवायला या" असं म्हणू शकलो असतो. पाणी पिऊन होईपर्यंतही म्हणू शकलो असतो. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, की अक्कांचं मन होत नाही. मी खोटं बोललो.

बाईंनी ओट्यावरचा वह्यांचा गठ्ठा पुन्हा उचलला. मग विचारलं, जेवून जाणार का. मी नको म्हटलं.

परत येताना बसमध्ये मला वाटत होतं, की हे फक्त या वर्षापुरतं आहे. मुलीचं लग्न होऊ दे, पुढच्या वर्षी मीच काहीतरी जमवून आणीन. अक्कांना मी सांगितलं की बाई घरी नव्हत्या, निरोप ठेवला आहे. आणि गुरुवारी त्या स्वतःच येतील, गाडीची गरज नाही. हे दुसरं खोटं. एकदा सुरुवात झाल्यावर ते जड गेलं नाही.

गुरुवारी सकाळपासून माझी बायको अक्कांच्या स्वयंपाकघरात खापरावर पुरणाचे मांडे करत होती. शहरी स्वयंपाकिणीला ते जमत नसत. आंब्याचे दिवस होते, रसाची पातेली भरली होती. अक्कांनी आकाशी रंगाची सुती साडी नेसली होती, दागिना एकही नाही; बाई साध्या आहेत, आपण झगमगाट करून बसायचं नाही असं त्यांच्या मनात असावं. पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीवर त्या बसल्या. शेजारी तिपाईवर चांदीच्या वाटीत गूळ. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता त्या म्हणाल्या, बसला उशीर झाला असेल. तीन वाजता गुळाला मुंग्या लागल्या. त्यांनी वाटी उचलून मला दिली.

चार वाजता मी म्हणालो, की त्यांनी दुसरी जागा पाहिली असेल. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

अक्का खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "जागेचं नाही, भाऊ. नवरा सोडून आलेल्या बाईच्या घरात मुली ठेवायला आईबाप बिचकणारच. त्या बाईंना घरोघरी जाऊन विचारावं लागलं असेल. कुणीतरी नाही म्हटलं असेल."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणूनही बोललो नाही. पायाकडे बघत उभा राहिलो. बाकीच्या सगळ्याला काही ना काही कारण सांगता येईल, मुलीचं लग्न, ऊन, ड्रायव्हरचा ताप. या उभं राहण्याला मात्र मला आजवर कारण सापडलेलं नाही.

मी सुचवलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा निरोप पाठवला नाही. होकार हा समोर आलेल्याला द्यायचा असतो, होकार घेऊन कुणाच्या मागे जायचं नसतं, हे त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. तिकडे बाई पुन्हा विचारायला येणार नव्हत्या, कारण कारभारी येऊन गेला होता. दोघींमध्ये पन्नासएक किलोमीटरचा रस्ता आणि मी.

मांडे उरले. संध्याकाळी बायको परातीकडे बघत म्हणाली, "इतला मांडा आते कोन खाई?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं की थोडं, मला माहीत नाही. त्या घरात तिनं मांडे पुन्हा केले नाहीत. मुलीच्या लग्नातसुद्धा विकतचं पक्वान्न आणायला लावलं.

मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी, बंगल्याच्या आवारातच. अक्कांनी तिला आपल्या आईच्या लुगड्यांचा जोड दिला. पुढचं वर्ष आलं तेव्हा मी बाईंकडे गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्यांनी धुळ्यात एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्यानं घेतल्याचं कानावर आलं होतं, तिथे सात-आठ मुली दाटीनं राहत. मी तो रस्ता टाळून जायचो. मिस्त्री मात्र दर खेपेला विचारायचे, "क्यूं नाना, लडकियां कब आनेवाली?" काही वर्षांनी त्यांनीही विचारणं सोडलं.

अक्का त्यानंतर बदलल्या, हे मी म्हटलं तर कुणी म्हणेल की वय झालं. पण मी खिडक्या उघडणारा माणूस, मला दिसत होतं. आधी मुक्काम कमी झाले. मग पाहुणे. छत्तीस माणसांचं कपाट उघडायची वेळ येईना. गाडी चालवणं त्यांनी सोडलं. बोदवडचं घर विकलं. धुळ्याला आल्या तर वरच्या मजल्यावरच राहायच्या, दिवाणखान्यात पाय ठेवायच्या नाहीत. कुणी आलंच आणि भिंतीवरच्या त्या खुंट्या पाहून हसून विचारलं, की अक्का, हे काय नवीन, तर म्हणायच्या, होतं काहीतरी. काढून टाकू का म्हणून मी एकदा विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. गावात मात्र पसरत गेलं होतं की बाई कंजूष आहे, बंगला कुजवेल पण देणार नाही. मुलींच्या आयांनी ते आपल्या मुलींना सांगितलं असणार. एकदा बाजारात एक जण माझ्यासमोरच म्हणाला, की नाना, मेल्यावर तुमच्या अक्का बंगला डोक्यावर घेऊन जाणार का? मी हसलो. लोक हसले म्हणून हसलो.

बायकोनं शेवटच्या आजारात तो विषय एकदाच काढला. औषधाची वेळ होती, मी चमचा धरून बसलो होतो. ती म्हणाली, "तिले सांगाले जोयजे व्हतं तुमी." कुणाला आणि काय ते मी विचारलं नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. अक्का तेव्हा हयात होत्या. मी तरीही ते सांगायला जळगावला गेलो नाही.

अक्का शेवटी जळगावच्या बंगल्यात होत्या. एकदा मी भेटायला गेलो तर त्यांना दिसत कमी होतं. विचारू लागल्या, धुळ्याच्या खिडक्या उघडता ना? मी म्हटलं, उघडतो. म्हणाल्या, दिवाणखान्याच्या पण उघडत जा, वास धरतो. मला वाटलं आता सांगावं. परिचारिका दूध घेऊन आली आणि मी उठलो. न सांगायला मला नेहमी कुणीतरी आलेलं पुरत असे.

दोन्ही बंगले आता मुंबईच्या दूरच्या नातेवाइकांकडे गेले आहेत. धुळ्याच्या जागेवर इमारत होणार आहे. पुढच्या महिन्यापासून पाडकाम. तोवर किल्ल्या माझ्याकडेच.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी मी शिंदखेड्याला गेलो. एसटीनंच. बाई निवृत्त झाल्या आहेत, केस पूर्ण पांढरे, पण ओटा तोच. मला त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, "आता कशाला नकार द्यायला आलात, नाना? मी तर काही मागितलं नाही."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, मांडे, गूळ. त्या ऐकत होत्या. अक्का म्हणाल्या होत्या की आईबाप बिचकले असतील, ते सांगितलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"मी त्या बाईला वीस वर्षं शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "मुलींसमोर दिल्या. एकीला तर मी म्हटलं होतं, श्रीमंत बायका अशाच असतात, त्यांच्याकडून काही शिकू नका."

मी म्हणालो, माझं चुकलं.

"ते मला दिसतंय. मला सांगून तुमचं हलकं झालं असेल. तिचं काय झालं?"

मी म्हणालो, सभेत ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना भेटून सांगतो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडाचा आता भरवसा नाही, नाना. लिहून द्या. मी वाचून दाखवते." मग विचारलं, खुंट्या अजून आहेत का.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुळ्याला आल्या. मी फाटक उघडलं, मग दिवाणखाना. खिडक्या उघडायला मला आता वेळ लागतो. त्या मधोमध उभ्या राहिल्या, एकेक खिडकी उघडेपर्यंत. उजेड आला तशी त्यांनी भिंतीकडे जाऊन खुंट्यांवरून हात फिरवला. पितळ काळं पडलं होतं. हलक्या आवाजात मोजत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चोवीस. मी अठरा म्हटलं होतं."

मी म्हणालो, अक्का म्हणाल्या होत्या, एकदा दार उघडलं की जास्त येतील.

बाईंनी खांद्यावरची पिशवी काढली आणि एका खुंटीला अडकवायला गेल्या, पण खुंटी त्यांच्या छातीच्या उंचीवर होती, वर नेलेला हात त्यांना खाली आणावा लागला. त्यांनी ती परत खांद्यावर घेतली. "फार खाली लावल्यात," म्हणाल्या. त्यांना कारण सांगितलं. त्या निघताना मी मागच्या तलावाकडे नजर टाकली. बिबड्यांचे दिवस अजून आले नव्हते, तळाशी नुसता पाचोळा होता.

हे लिहून मी त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून, ओट्यावर बसून, मुलांच्या वह्या तपासाव्या तसं वाचलं. एकाच जागी पेन्सिल टेकवली. शिंदखेड्याच्या त्या मंगळवारच्या ओळीत मी आधी लिहिलं होतं, की आमच्यात गैरसमज झाला. त्यांनी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, मी खोटं बोललो. कागद माझ्याकडे सरकवला. बाकी सगळं तसंच राहू द्या, म्हणाल्या.

मी ती ओळ त्यांच्या अक्षरावरून उतरवून घेतली आहे. येत्या रविवारी शोकसभेच्याच हॉलमध्ये त्यांनी त्याच लोकांना बोलावलं आहे. वाचणार त्या आहेत. मला पुढच्या रांगेत बसायला सांगितलं आहे, आणि वाचून होईपर्यंत उठायचं नाही असंही.